पोत्यात धरलेला बोका

त्या आजारी मांजरीला दोन वेगवेगळ्या मांजरांचं रक्त दिलं, असं दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. रक्त दोन्ही वेळा एकाच बोक्याचं होतं आणि हे फक्त मला ठाऊक आहे.

पन्नासच्या दशकात मी चिंचवडच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखान्यात यायचे ते बैल आणि म्हशी. पिंपरीला कारखाने उभे राहू लागले, तेव्हा एका साहेबाच्या बंगल्यातून मांजर आली. तिच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, रक्त दिलं तरच वाचेल.

दवाखान्यामागे एक म्हातारी एकटीच राहायची. तिचा पिवळा बोका धट्टाकट्टा होता. मी मागितला, तर तिने तो लगेच माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी त्याच्या मानेच्या डाव्या बाजूचे केस कापून रक्त काढलं आणि संध्याकाळी मी त्याला घरी पोचवलं.

पाचव्या दिवशी मांजर पुन्हा ढासळली. डॉक्टर चिखलीला एका अडलेल्या म्हशीकडे गेले होते. त्यांनी निरोप धाडला की दुसरा बोका धरून ठेव, आधीचा महिनाभर चालायचा नाही. मी बाजारात एका भटक्या बोक्याच्या मागे लागलो. त्याने माझं मनगट फोडलं आणि निसटला. मग मी म्हातारीच्या दारात गेलो.

"परत?" ती म्हणाली. "त्यो आजून दूध पुरतं पीत न्हाई, दादा."

डॉक्टरांनीच मागवलाय, असं मी तिला सांगितलं.

डॉक्टर चिखलाने माखून, थकून आले. मी बोक्याला पोत्यात गुंडाळून डावी बाजू खाली दाबून धरली होती.

"याचं आधी काढलेलं नाही ना?"

"नाही साहेब."

तो धडपडलासुद्धा नाही. गरीब आहे, असं डॉक्टर म्हणाले. गरीब नव्हता, त्याच्यात जीवच उरला नव्हता. मांजर वाचली. बोका दुपारी माझ्या मांडीवरच मेला. डॉक्टर जेवायला गेले होते तेवढ्यात मी त्याला कुंपणाजवळ पुरलं आणि म्हातारीला सांगितलं, हातातून सुटून पळाला.

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, असं आमच्याकडे म्हणत. मी तेही नाही केलं आणि तोंडही नाही उघडलं. ती रोज संध्याकाळी वाटी घेऊन कुंपणापर्यंत यायची आणि हाका मारायची. मी आत बाटल्या धूत बसायचो.

वर्षाने माझी बदली झाली. निघताना ती भेटायला आली.

"तुमचा काय दोस न्हाई, दादा," ती म्हणाली. "बोक्याची जातच हिंडती. पर वाटंत कुटं दिसला तर हाक मारा. तुमाला वळखतो त्यो."

मी म्हणालो, "मारीन मावशी."