पाइपाची ओटी

विमलमावशी सही करायला शिकली ती पन्नाशीत, तीही एका पाइपापायी.

माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतली ती. करवंदं विकली, वीटभट्टीवर राबली आणि शेवटी साजगावच्या आमच्या कारखान्यात झाडायला लागली. तिथं अणुवीज केंद्रासाठी स्टीलचे पाइप बनतात. मावशीनं झाडलेल्या जागी धूळ शोधूनही सापडत नाही, हे शेठनं हेरलं आणि तिला पाइप आतून पुसायला लावलं. दोरीला पांढरं फडकं बांधायचं, एका तोंडातून घालून दुसऱ्यातून ओढायचं, ते कोरं निघेपर्यंत. मग झाकणं लावायची आणि चिठ्ठीवर सही करायची, की आत काही नाही. अंगठा चालत नव्हता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत महिनाभर ती माझ्याकडून 'विमल' लिहून घेऊन गिरवायची.

मी नंदा, तिच्या हाताखालची. जीभ फटकळ, अक्कल उशिरा येणारी.

त्या दुपारी त्या मागणीतला शेवटचा मोठा पाइप जायचा होता. तीन महिने त्याला लेकरासारखं पुसलेलं. मावशी हात धुवायला गेली आणि मला भरून आलं. लेक सासरी निघाली तर रिकाम्या ओटीनं कोण पाठवतं? सकाळी देवळातून आणलेल्या अक्षता ओढणीच्या गाठीला होत्या. आत कचरा नको म्हणतात, पण अक्षता म्हणजे काय कचरा? मोजून पाच दाणे आत टाकले.

झाकणाआधी मावशी रोज स्वतः वाकून बघायची. त्या दिवशी ट्रकवाला सारखा हॉर्न मारत होता.

"नंदे, बघितलंस ना गं?"

"बघितलं."

तिनं झाकण लावलं, सही केली.

पाइप ट्रकवर चढला. दोर आवळत होते तेव्हा केंद्राकडून आलेले साहेब शेठला सांगत होते, "एकदा अणुभट्टी चालू झाली की या पाइपाजवळ कुणाला जाता येत नाही. आत बारीक खडा जरी राहिला, तरी पाणी तो कुठं नेऊन अडकवेल, सांगता येत नाही."

मी धावले. मावशीला बाजूला ओढून सगळं सांगितलं. वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"किती दाने?" एवढंच तिनं विचारलं.

"पाच."

ती सरळ ट्रकपुढं जाऊन उभी राहिली. शेठ धावत आले, मागून साहेबही. पाइपात पाच दाणे आहेत, तिनं सांगितलं. "विमलबाई, डोकं फिरलंय का? गाडी अडली तर पुढचं काम जाईल. चाळीस माणसं घरी बसतील!" मग आवाज उतरवून म्हणाले, "पाच दाण्यांनी काय होतंय? शिजून जातील."

"सही माझी हाय, शेठ."

साहेबांनी पाइप उतरवायला लावला. पाइपाची ओटी मी भरली, असं मीच सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलंही नाही.

पहिल्या फडक्याला तीन दाणे आले. दुसऱ्याला एक. तिसरं, चौथं, पाचवं फडकं कोरंच. पाइपाला मधे बाक होता, त्यातून वायरचा कॅमेरा घातला. पडद्यावर नुसतं चकचकीत स्टील.

"नक्की पाचच होते?" साहेबांनी विचारलं.

शेठ माझ्या कानाशी लागले. "चार म्हण. मिटव."

खरं सांगते, तसं म्हणावंसं मलाही वाटलं. चार. एक शब्द, आणि सगळे सुटले असते. मावशी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, दोरीला नवं फडकं बांधत होती.

"पाच," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला कॅमेरा आणखी आत, बाकाच्या पलीकडं गेला आणि जोडाच्या कडेला लाल ठिपका दिसला. कुंकू लागलेला पाचवा दाणा. ओलं फडकं तीनदा ओढलं तेव्हा निघाला.

"चूक हिची, पण सही कुणाची?" साहेबांनी विचारलं. मावशीनं हात वर केला. तिचं सहीचं काम त्याच दिवशी गेलं, हातात परत झाडू आला. मी रडले, पाया पडले, मला काढा म्हटलं. साहेब म्हणाले, सही म्हणजे सही.

त्या जागेवर कोण, असं शेठनं विचारलं तर मावशीच म्हणाली, "नंदेला द्या. ती आता नाय चुकायची."

पुढचा पाइप मी पुसला. झाकण हातात घेतलं. मावशी शेजारीच झाडत होती. सवयीनं तोंडातून गेलं, "मावशी, बघितलंस ना गं?"

तिचा झाडू थांबला नाही.

"मला नको इचारू. वाक."

मी वाकले.