मारुतरावांचं निळं उत्तर

मोशीचे मारुतराव सस्ते पंचेचाळिशीत ईमेल लिहायला शिकले, आणि शिकले ते असे की तळवड्याच्या त्यांच्या कारखान्यातल्या इंजिनिअर पोरांनी त्यांच्याकडून धडे घ्यावेत. कुणाचा मेल आला की त्यातला एकेक मुद्दा तसाच ठेवायचा आणि प्रत्येकाखाली आपलं उत्तर निळ्या अक्षरांत लिहायचं. तेही फिक्कं, आकाशी. "समोरच्याचं काळं, आपलं निळं. मग भांडणच न्हाई," असं छाती फुगवून सांगायचे. माणूस भला, पण या निळ्याचा भारी तोरा हो!

कारखाना पत्रे दाबून गाड्यांचे भाग करणारा. एका दुपारी शॉपफ्लोअरवरून, म्हणजे खालच्या यंत्रांच्या हॉलमधून, मारुतरावांकडे मंजुरीसाठी चार मुद्द्यांचा मेल आला. तिसरा मुद्दा असा : हात आत राहिला तर प्रेस थांबवणारा सेन्सर बिघडलाय, नवा येईपर्यंत दोन नंबरची प्रेस तशीच चालवू का? मारुतरावांनी त्याखाली निळ्यात लिहिलं, 'नाही. प्रेस बंद ठेवा.' बाकीचे तिन्ही मुद्दे मंजूर होते. म्हणून सवयीने सगळ्यात वर साध्या काळ्यात 'ओके, उत्तरं खाली' असं लिहून दिला मेल पाठवून.

शॉपफ्लोअरवर मेल छापून बोर्डाला लावायची पद्धत. तिथला प्रिंटर काळा-पांढरा, त्यात शाई संपत आलेली. काळं उमटलं, निळं उमटलंच नाही म्हणा ना. दुसऱ्या शिफ्टला आलेल्या प्रेस ऑपरेटर अनिसने कागद वाचला. वर ओके, खाली चार मुद्दे. त्याने प्रेस सुरू केली. तासाभरात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत मूळ मेल उघडला, तर पडद्यावर निळं चांगलं दिसत होतं.

"सुटलात, मारुतराव!" मॅनेजर गणराज साहेब म्हणाले. "आता गिऱ्हाईक कंपनीने खुलासा मागितलाय. ऑपरेटरची बेपर्वाई, असं लिहून टाका."

बेपर्वाई लिहिली की अनिसची नोकरी गेली, हे न कळायला मारुतराव काय कालचे होते? ते संध्याकाळी दिघीला अनिसच्या घरी गेले. त्याच्या आईने, रहिमाबीने पाणी दिलं.

"लेकरा, सेन्सर बंद हाय हे तुला दिसत व्हतं ना? मग इचारलं का न्हाईस?"

"दुसऱ्या कुणाचा मेल असता तर विचारलं असतं, काका," अनिस म्हणाला. "खाली तुमचं नाव होतं."

कुणी आईबापावरून शिव्या घातल्या असत्या तरी मारुतरावांनी सोसल्या असत्या. हे सोसेना. त्या माउलीसमोर ते ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा लिहायला घेतला. प्रश्न कंपनीचे, खाली उत्तरं त्यांची, पण या वेळी काळ्या ठळक अक्षरांत. शेवटचा प्रश्न होता, चूक कोणाची? खाली त्यांनी लिहिलं, 'माझी. एका मुद्द्याला नकार असताना मी वर ओके लिहिलं. नकार कागदावर दिसेल का, हे पाहिलं नाही. अनिसने माझ्या शब्दावर काम केलं.'

"अहो, स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय?" गणराज साहेब चिडले. "तुमचं निळं आहे ना मेलमध्ये!"

"आपल्याला दिसलं, साहेब. त्याला न्हाई दिसलं."

पाठवायच्या आधी मारुतरावांनी तो खुलासा शॉपफ्लोअरच्या त्याच प्रिंटरवर छापला, बोर्डाला लावला आणि चार पावलं मागं जाऊन वाचून पाहिला. 'माझी' नीट वाचता येत होतं.

त्यांचं मेलचं काम गेलं. आता ते स्टोअरला बसतात. अनिसची नोकरी राहिली, तो तपासणीच्या टेबलावर आहे. दर सोमवारी तो नवे हातमोजे घ्यायला स्टोअरच्या खिडकीशी येतो. उजव्या मोज्याची दोन बोटं मारुतरावांनी घरीच आत दुमडून शिवून आणलेली असतात.