ताईचं रान

कंडक्टरबाईला निवृत्ती मानवलीच नाही. आयुष्यभर चालत्या बसमध्ये तोल सांभाळत उभी राहिलेली बाई, खुर्चीत बसली की तिच्या पायांना मुंग्या यायच्या. घरामागच्या उतारावर थोरल्या बहिणीने लावलेलं रान होतं. दिवसातून चारदा ती तिकडे चक्कर मारायची.

ताईने झाडं अगदी खेटून लावली होती. "एकमेकांची सोबत होते," असं तिचं म्हणणं. पाऊस बरा होता तोवर खपूनही गेलं. मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली.

धाकटीने शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि खोडांना गुंडाळून बघायला लागली. कडेची झाडं, ज्यांना एका बाजूने मोकळी जागा होती, ती थोडीफार तरी भरत होती. आतली मात्र होती तेवढीच. वाऱ्याने पडलेल्या एकाचं खोड तिने कापवून आणलं. आतली वर्तुळं आधी रुंद, मग बारीक, आणि सालीजवळ तर एकमेकांना चिकटलेली.

"ताई, ओल आहे तेवढीच आहे आणि पिणारे फार. मधली काही काढावी लागतील."

"घरात पाणी कमी पडलं म्हणून माणसं बाहेर काढतेस का?"

"बस भरली की काढायचे मी."

ताई हसली नाही. दोन दिवस वाद चालला. शेवटी तोडगा निघाला: खालचं रान धाकटीचं, वरचं ताईचं.

झाडं निवडायची वेळ आली. खडूने खूण करायची, चार पावलं जायची, परत येऊन पदराने पुसायची. करवतवाला कंटाळला. "बाई, एकदाचं काय ते ठरवा!" पहिलं झाड आडवं झालं तेव्हा ती घरात निघून गेली. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासत बसली.

उन्हाळा चढला. खाली भकास दिसायचं, मोकळ्या जमिनीवर ऊन नुसतं भाजायचं, कोवळी रोपं करपली. आपण चुकलो की काय, या धास्तीने तिची झोप उडाली. पण राहिलेल्या मोठ्या झाडांनी पानं धरून ठेवली. वर ताईच्या रानात मात्र शेंडे पिवळे पडले, मग तांबूस, आणि सालीखाली किड्यांनी घर केलं. ताईने वर जाणं सोडलं.

एका सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "त्या करवतवाल्याला निरोप धाड."

धाकटीने चहा अर्धाच ठेवला आणि निरोप द्यायला निघाली.

तो आला तेव्हा वरची निम्मी झाडं उभ्या उभ्या वाळली होती. या खेपेला खुणा ताईने केल्या. एकही खूण पुसली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. खालच्या खोडांना टेप अपुरी पडेल की काय, असं वाटायला लागलं. वरच्या मोकळ्या जागेत ताईने नवी रोपं लावायला काढली.

"अंतर ठेव हं," धाकटी म्हणाली.

"ठेवलंय की."

संध्याकाळी धाकटी वर जाऊन आली. एका खड्ड्यात दोन रोपं होती. उपटायला ती वाकली, थांबली, तशीच खाली आली. आणि अंधार पडायच्या आत कुदळ घेऊन पुन्हा एकदा वर गेली, दुसऱ्या रोपाला वेगळा खड्डा करायला.