शेरीफची बंदूक

अभिजीतने चौथ्यांदा बंदूक बदलली, तेव्हा शत्रुघ्न मेस्त्रीने हातातली कानस खाली ठेवली आणि त्या शेरीफला मनातल्या मनात मालवणीत एक शिवी हासडली. शेरीफ अमेरिकेतला, तोही एकोणीसशे आठ सालातला. त्याला ती पोचायची शक्यता नव्हती, आणि ज्याला पोचायला हवी होती त्याला देण्याची सोय नव्हती.

कुवेतमधल्या अबू हलीफातलं मराठी मंडळ दरवर्षी एक नाटक करतं. यंदाचं नाटक अभिजीतचं. तो मीना अल-अहमदीला रिफायनरीत इंजिनिअर, पुण्याचा. लेखक तोच, दिग्दर्शक तोच आणि शेरीफही तोच, म्हणजे अडवायला कोणी शिल्लकच नाही. पडदा उघडतो तेव्हा शेरीफ टेबलापुढे उभा असतो. एका खुन्याला पकडायला निघालेला, आणि समोर मांडलेल्या हत्यारांतलं कुठलं न्यायचं या विचारात. प्रसंग वाईट नव्हता. पण शेरीफचं ठरायच्या आधी अभिजीतचं तरी ठरायला हवं ना.

आधी लाकडात लांब नळीचं रिव्हॉल्व्हर करायला सांगितलं. ते झालं तर मॅगझिनचं पिस्तूल, कारण शेरीफ नव्या विचारांचा आहे म्हणे. मग रायफल, कारण वाट माळरानातली. मग दुनळी, कारण गाठ दाराशी पडणार. आणि आता पुन्हा रिव्हॉल्व्हर, पण आखूड नळीचं. प्रत्येक वेळी फोनवर एक फोटो आणि खाली तेच वाक्य, मेस्त्री, एवढं एकच. शत्रुघ्न कंत्राटदाराचा माणूस, दिवसभर अहमदीत जुन्या क्वार्टर्सची दारं-खिडक्या दुरुस्त करायचा. संध्याकाळी मुकादमाची मनधरणी करून वर्कशॉपात तासभर मिळायचा, तो या शेरीफच्या घशात जात होता.

तरी तो करत होता, त्याला कारण होतं. अकरा वर्षं मंडळाच्या नाटकांचे पलंग, खिडक्या, तुळशीवृंदावनं त्याने केली होती, आणि अकराही वर्षं कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं होतं, नेपथ्य: मंडळाचे कार्यकर्ते. यंदा त्याने संकोच गिळून अभिजीतकडे नाव मागितलं. एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहूनही दिलं, शत्रुघ्न गणपत मेस्त्री. बापाचं नाव गाळू नका, एवढंच वर बजावलं.

बाप गणपत देवगडजवळच्या गावाचा पोलीस पाटील. म्हणजे शेरीफच म्हणा, फक्त घोडा आणि पगार सोडून. त्याच्याकडे रानडुकरांसाठी ठासणीची एक जुनी बंदूक होती, परवान्याची. निवडणूक आली की ती खांद्याला लावून सहा मैल चालत ठाण्यात जमा करायचा आणि स्वतःच्या हाताने सही करायचा. गावातल्या एका बागायतदाराने मुंबईला जाताना आपली दुनळी त्याच्याकडे ठेवायला आणली. चकचकीत, कोणालाही मोह पडावा अशी. बापाने हातसुद्धा लावला नाही. "जेची बंदूक, तेचो जबाब," एवढंच बोलून तो गोठ्यात गेला. शत्रुघ्न तेव्हा चिडला होता. दुनळी खेळायला मिळाली असती.

शेवटचं भांडण रंगावरून झालं. शत्रुघ्नला लाकूड लाकडासारखंच ठेवायचं होतं. इथे कामगाराच्या हातात काळी बंदूक दिसली तर लाकडाची का लोखंडाची ते विचारायला कोण थांबणार? इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द, हातात तिकीट आणि थेट विमानात. गावात लेक विशाखा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हे सगळं त्याने अभिजीतला नीट समजावलं. अभिजीत म्हणाला की मागच्या रांगेतून ती लाटणी दिसतील. शेवटी काळा रंग दिलाच. फक्त प्रत्येक बंदुकीच्या मुठीखाली बोटभर जागा त्याने कोरी ठेवली आणि नळ्यांना भोकं पाडलीच नाहीत.

शुक्रवारी दुपारी अभिजीत गाडी घेऊन आला. डिकीत आणि मागच्या सीटवर पडदे कोंबलेले, म्हणून बंदुकांची पिशवी शत्रुघ्नच्या मांडीवर आली. शत्रुघ्न म्हणाला, डिकीतले पडदे मी मांडीवर घेतो, पिशवी तिथे टाका. अभिजीत म्हणाला, दहा मिनिटांचा रस्ता आहे. आणि त्या दहा मिनिटांच्या रस्त्यावर पोलिसांची तपासणी लागली.

पोलीस तरुण होता. त्याने दोघांची ओळखपत्रं घेतली, पिशवीत डोकावला आणि दोघांना खाली उतरवलं. ह्या कुणाच्या, त्याने इंग्रजीत विचारलं. चार महिने 'माझा शेरीफ, माझं नाटक' करणाऱ्या अभिजीतने क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"त्याच्या," तो शत्रुघ्नकडे बोट दाखवून म्हणाला. "हा सुतार आहे. सगळ्या यानेच केल्यात. शत्रुघ्न गणपत मेस्त्री."

बापाचं नाव त्याने गाळलं नाही.

शत्रुघ्नच्या डोळ्यांसमोर विशाखाची फी आली, विमान आलं. पण हात सुताराचे होते, ते शहाणे राहिले. त्याने पोलिसाला खुणेनेच रिव्हॉल्व्हर उलटं करायला सांगितलं. मुठीखाली कोरा साग दिसला. पोलिसाने नखाने खरवडून पाहिलं, नळीत बोट घालायला गेला तर भोकच नाही. मग त्याने दुनळी बॉनेटवर ठकठक वाजवली आणि हसला. पुन्हा अशा उघड्या पिशवीतून नेऊ नका, म्हणून दोघांची कार्डं परत केली. झालं सगळं पंधरा मिनिटांत. शत्रुघ्नचा शर्ट पाठीला चिकटला होता.

गाडी सुरू झाली तशी अभिजीतला एकदम उत्साह आला. डॅशबोर्डवरची कार्यक्रमपत्रिका उचलून त्याने शत्रुघ्नच्या हातात दिली. बघा, शब्द पाळला की नाही. पत्रिकेत ठळक अक्षरात होतं, बंदुका: शत्रुघ्न गणपत मेस्त्री. शत्रुघ्नने दोनदा वाचलं. अकरा वर्षं या ओळीची वाट पाहिली होती, आणि आता वाटलं की पोलिसाने मागे येऊन ही वाचली तर? त्याने पत्रिका घडी करून पिशवीत टाकली. आनंद व्हायला हवा होता, पण राग तेवढा आला.

"बरं मेस्त्री," अभिजीत म्हणाला, "आता शेवटचं सांगा. शेरीफने कुठली घ्यावी? दुनळी की रिव्हॉल्व्हर?"

शत्रुघ्नने मांडीवरची पिशवी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली, स्टेअरिंगखाली, तो गाडी चालवत असतानाच.

"कुठचीही घ्या, साहेब. फक्त कोणी विचारलं ही कुणाची, तर 'माझी' म्हणता येईल अशी घ्या."