आखाजीला गॅस बंद करणारा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की गॅसचे नियम सरकारने करायचे आणि तपासणी मात्र कंपन्यांच्याच माणसांनी, हे धोरण चालतं तरी कसं? धुळ्यात आमच्या गल्लीपुरतं ते एका माणसावर चालतं, म्हणून त्याच्याविषयी लिहिते.

तो गॅस एजन्सीचा तपासनीस. दारात चपला काढतानाच नाकाने हवा ओढतो आणि वाटीत साबणाचा फेस मागतो. नळीला फेस लावून बुडबुडा येतो का ते बघेपर्यंत चहाला हात लावत नाही. शेवटी सगळं ठीक असल्याचं ठरलेलं वाक्य, "बठ्ठं बराबर शे."

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या अक्कांकडे मला वास आला म्हणून मीच त्याला बोलावलं. फेसाला बुडबुडे आले. त्याने सरळ गॅस बंद केला.

"पोरी माहेरी उन्यात, पुरण तयार शे, आनि तू गॅस बंद करस?" अक्का कडाडल्या.

"नळी गळस, अक्का. आम्हीच बसाडेल शे, पन गळस."

नळी एजन्सीनेच बसवलेली, तरी ती चूक त्याने तिथेच नोंदवली. मग लांब अंगणात विटा मांडून कपाशीच्या काड्या पेटवल्या. त्यावर मांडे भाजायचं मातीचं खापर चढलं, पुरणाचे मांडे झाले.

"आते खाईसनच जाय, भाऊ," अक्का त्याचं ताट वाढत म्हणाल्या.

आपलाच माणूस आपल्याविरुद्ध लिहितो, म्हणून एजन्सीचा मालक त्याला खूप बोलला. पण तसं लिहिणं सरकारच्या नियमातच होतं. नळी बदलली गेली आणि त्याची नोकरी अजून टिकून आहे.