बाल्कनीत टांगलेली सीडी

घरात जुनी कागदपत्रं दिसली की माझं डोकंच फिरतं. ह्यांना तर विजेची बिलंही जपायची हौस, त्यामुळे आमची निम्मी भांडणं पसाऱ्यावरून. ह्यांच्या छातीच्या सीटी स्कॅनची सीडी मी आमच्या विजय नगरच्या घराच्या बाल्कनीत कबुतरं हाकलायला टांगली, तेव्हा ह्यांना विचारलंसुद्धा नाही. फिल्म होती, रिपोर्ट होता. वर ती तबकडी कशाला हवी?

तीन-चार वर्षांनी हे स्कूटरवरून पडले. बरगडी बघायला पुन्हा स्कॅन काढला, तर फुप्फुसात डाग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "पुराना स्कॅन है?" मी ऐटीत फिल्म पुढे केली. तिच्यावर मोजकीच चित्रं, आणि रिपोर्टात 'लहान डाग' एवढंच, माप नाही. डाग तेवढाच असेल तर ऑपरेशन नको, वाढला असेल तर थांबायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

स्कॅन काढणाऱ्या दीदीनं मला समजावलं. सीडीत छातीचे शेकडो पातळ काप असतात, ब्रेडच्या स्लाइससारखे. त्या फाइलींना डायकॉम म्हणतात. नाव, तारीख, माप सगळं त्यांच्यातच असतं, म्हणून जुना आणि नवा डाग शेजारी ठेवून मोजता येतो. दवाखाना हे सगळं ज्या संगणकी कोठारात ठेवतो, ते पॅक्स. तिथून नागपूरच्या डॉक्टरांनाही लगेच पाठवता येतं. "पर आंटीजी, आपका पुराना सेंटर तो बंद हो गया. अब सीडी ही लाइए."

अरे देवा! मी ऑटो करून घरी धावले, दोरा तोडला, सीडी पदरानं पुसली. उन्हानं तिची पार वाट लागली होती. दीदीनं दोन संगणकांवर लावून पाहिली. उघडलीच नाही. मी ती तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि ह्यांना येऊन सांगितलं, "नाही सापडली हो." हे डॉक्टरांना म्हणाले, "मुझसे ही कहीं रखी गई होगी." मी फिल्म पिशवीत भरत राहिले.

जुना डाग मोजता येईना, म्हणून ऑपरेशन झालं. फुप्फुसाचा तुकडा काढला, तपासला. जुन्या आजाराचा व्रण होता, कॅन्सर नव्हता. लोक पेढे मागत होते. पण ज्या माणसानं साठीतही भेडाघाटच्या पायऱ्या न थांबता चढल्या होत्या, तो आता आंघोळ करून आला तरी पलंगावर बसून धापा टाकायचा. कोणी विचारलं की हे सांगायचे, "माझाच निष्काळजीपणा. सीडी हरवली." आणि मी, मेली, चहाचे कप उचलून आत जायची.

दोन वर्षं असं चाललं. एका दुपारी पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. रडत रडत सगळं सांगून टाकलं. आता तरी हे चिडतील, ओरडतील, असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माहीत आहे मला," हे म्हणाले. "दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी दीदीनं नवी सीडी हातात दिली, तेव्हाच म्हणाली, पुरानी वाली आंटीजी लाई थीं, इसे वैसे धूप में मत रखना."

"मग बोलला काहून नाही?"

ह्यांनी आधी श्वास घेतला.

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो."