तुमच्याकडे हरमॅटन सुरू झाला असेल ना?

मंडळी, सकाळपासून हे कोणाला तरी सांगायचं होतं. घरात कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

हे गेल्यापासून तळोज्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. दिवस जावा म्हणून वाचते. सध्या नायजेरियातल्या एका कुटुंबाची कादंबरी चालू आहे. तिथे थंडीत वाळवंटाकडून कोरडा, धुळीचा वारा येतो, त्याला हरमॅटन म्हणतात, हे त्यातच कळलं.

माझ्या वरच्याच मजल्यावर एक नायजेरियन तरुण राहतो. तो लिफ्टमध्ये असला की लोक थांबतात, पुढच्या फेरीला जातात. खोटं कशाला बोलू, मीही थांबायचे.

आज आत गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे हरमॅटन सुरू झाला असेल ना?"

तो बघतच राहिला. "आंटी, आपको कैसे मालूम?"

"पुस्तकात वाचलं."

मग तो बोलतच सुटला. त्याची आई सकाळी खुर्च्या पुसते, दुपारपर्यंत पुन्हा धूळ बसते. ओठ फुटतात. माझा मजला आला, तरी दार धरून मी ऐकत राहिले.

शेवटी म्हणाला, "दो साल हो गए. घर के बारे में किसी ने नहीं पूछा."

घरी आल्यावर जाणवलं, परवापासून मीही कोणाशी बोलले नव्हते. आणि त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तुम्ही असता, तर वर जाऊन बेल वाजवली असती का?